आजोबा आणि अठ्ठेचाळीस व्होल्ट

३ जानेवारी

दुकानात नवा मिक्सर आला, सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारा. बाबांनी खोक्याची दोरी कापली नाही, गाठ सोडवली आणि दोरी गुंडाळून खिशात ठेवली. मागच्या खोलीतलं टेबल पुसलं, त्यावर धुतलेली चादर घातली आणि मगच मिक्सर बाहेर काढला. आई म्हणाली, नवरी आणलीय का घरात. बाबा म्हणाले, जावई म्हण, आता सगळं याच्या मनाप्रमाणे चालायचं.

ही वही नवी आहे म्हणून थोडी ओळख लिहून ठेवते. आमचं दुकान लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं. बाबांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्या सगळ्या यंत्रांवर रंगीत चिकटपट्ट्या आहेत. हिरवी म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज, पिवळी म्हणजे वाद्य, लाल म्हणजे हात लावायचा नाही. मी शाळेत जायला लागले तेव्हा पहिल्यांदा वाचलेली अक्षरं पुस्तकातली नव्हती, बटणांखालची होती. गिऱ्हाइकाला बाबा सांगायचे, थांबा जरा, आमच्या मास्तरीणबाई शाळेतून येऊ देत, मग सांगतो काय लिहिलंय ते. तेव्हापासून घरात मी मास्तरीण.

दुसरी ओळख आजोबांची. आजोबा म्हणजे माणूस नाही, माइक आहे. दुकानाच्या मूळ मालकांनी दुकान सोडताना तो बाबांच्या हातात दिला होता. काळा, जाळीदार, ओंजळभर, आणि भलता जड, कारण आत मोठं लोहचुंबक. चुंबकाच्या मधोमध अॅल्युमिनियमची चुणीदार पट्टी, केसापेक्षाही पातळ. समोर कोणी बोललं की ती पट्टी थरथरते, तोच आवाज. आजोबा हळू बोलतात, गोड बोलतात आणि पुढून-मागून दोन्हीकडून ऐकतात. लहानपणी मी त्यांच्या मागे उभी राहून कुजबुजायचे आणि माझी कुजबुज सभागृहभर पसरायची. बाबा रागवायचे नाहीत. म्हणायचे, आजोबांच्या मागे बोलू नये, त्यांना ऐकू येतं.

आज मी बटणं वाचत गेले, बाबा पट्ट्या चिकटवत गेले. आजोबा टेबलावर होतेच. एका बटणापाशी थांबून मी वाचलं, अठ्ठेचाळीस व्होल्ट, फँटम पॉवर. बाबांनी विचारलं, म्हणजे काय. मी म्हटलं, फँटम म्हणजे भूत. बाबा म्हणाले, भूतही देतात का आता यंत्राबरोबर, आणि वेगळे पैसे न घेता?

दिवा लागतो का बघावं म्हणून मी ते बटण दाबलं. लाल दिवा लागला. स्पीकरमधून 'धप्प' असा एक आवाज आला. बाबांनी लगेच बटण बंद केलं. मी घाबरले, तर म्हणाले, नवं यंत्र आहे, शिंकलं. मग कानाला हेडफोन लावून ते आजोबांसमोर बराच वेळ बोलत राहिले. एक, दोन, एक, दोन. शेवटी म्हणाले, आज हे दमलेत. फ्लॅनेलमध्ये गुंडाळून त्यांनी आजोबांना लाकडी पेटीत ठेवलं. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी पाहिलं तर त्या बटणावर लाल पट्टी लावलेली होती.

५ जानेवारी

दूरच्या शहरातल्या इस्पितळातून फोन आला. यंत्रं तपासायच्या खात्यात मला घेतलं आहे, मार्चपासून. आईने मला जवळ घेतलं. बाबांनी शेजारच्या घड्याळवाल्या काकांना आधी सांगितलं आणि मग मला म्हणाले, ऐकलं का, तुला नोकरी लागली.

मला आनंद झाला की नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. इथे माझ्या हातून फार तर एखाद्या सभेचा आवाज जाईल. तिथे यंत्राला माणूस जोडलेला असेल. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे माझं चुकलं तर काय करायचं हे घरात कोणालाच ठाऊक नाही. आई काकांना सांगत होती, हिच्या हातून पाण्याचा पेला फुटला तर ही आठवडाभर माठाला शिवत नाही. आई वाढवून सांगते. चार दिवस शिवले नव्हते.

८ जानेवारी

मिक्सरबरोबर आलेलं पुस्तक आज नीट वाचलं. ते आधी वाचायला हवं होतं.

ते बटण म्हणजे काय हे मला पुरतं माहीत नव्हतं. समूहगानासाठी आपण जे नवे बारीक माइक घेतले आहेत, त्यांना चालायला वीज लागते. मिक्सर ती वीज माइकच्या तारेतूनच पाठवतो. ज्या तारेने आवाज येतो त्याच तारेने वीज उलटी जाते, दिसत नाही, म्हणून भूत. साध्या माइकना तिचा त्रास नाही. पण पुस्तकात चौकटीत लिहिलं आहे की जुन्या रिबन माइकला, म्हणजे आजोबांसारख्या पट्टीवाल्या माइकला, ती लागली तर पट्टी तुटू शकते.

मी पळत बाबांकडे गेले. त्या दिवशी आजोबा जोडलेले होते का? बाबा तार गुंडाळत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "नव्हते. मी आधीच काढले होते."

मला आठवतंय की ते टेबलावर होते. पण टेबलावर असणं म्हणजे जोडलेलं असणं नव्हे. बाबा खोटं बोलत नाहीत. तरी त्यांनी लाल पट्टी मी पुस्तक वाचायच्या आधीच कशी लावली, याचं नवल वाटतं. अनुभव असावा.

११ जानेवारी

बाई आल्या होत्या. बाई म्हणजे गावातल्या सभागृहात इतकी वर्षं निवेदन करणाऱ्या आमच्या बाई. मला शाळेत घालायला त्याच घरी आल्या होत्या. बाबा का-कू करत होते तेव्हा म्हणाल्या होत्या, हिला शाळेत घाला, नाहीतर तुमची बटणं कोण वाचणार. माझं शिक्षण त्या एका वाक्यावर उभं आहे.

सभागृह पाडणार आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी तिथे शेवटचा कार्यक्रम. मुलांचं समूहगान आणि मधून मधून बाईंचं निवेदन. बाईंची अट एकच, बोलेन तर आजोबांतूनच. म्हणाल्या, मी आयुष्यभर ज्याच्या कानात बोलले त्याला सोडून शेवटच्या दिवशी दुसऱ्याशी बोलू का?

बाबा नाही म्हणाले नाहीत. हो सुद्धा म्हणाले नाहीत. मी मात्र अडचण सांगितली. नव्या मिक्सरला भुताचं बटण एकच आहे. लावलं की सगळ्या तारांना लागतं. मुलांचे माइक चालायचे तर बटण चालू हवं आणि आजोबा वाचायचे तर बंद. बाई म्हणाल्या, मग शिकलीस कशाला एवढी?

बाई गेल्यावर मी आई-बाबांना सांगून टाकलं. मी एक डबा बनवते. तारेच्या मधे बसवायचा, आवाज येऊ देईल आणि भूत अडवेल. कार्यक्रमात आजोबा त्यातून धड बोलले तर मी इस्पितळात जाईन. एक जुना माइक ज्या हातांना सांभाळता येत नाही, त्या हातांनी रुग्णाच्या यंत्राला शिवू नये.

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी खिशातली दोरी काढून पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "जमेल."

१४ जानेवारी

आईने विचारलं म्हणून तिला समजावलं. आवाज तारेत सतत हलत असतो. ही वीज मात्र एका जागी उभी असते. कपॅसिटर नावाचा भाग असतो, तो हलणाऱ्याला पुढे सोडतो, उभ्याला अडवतो. आई म्हणाली, म्हणजे दवाखान्याच्या दारावरचा माणूस. चालत राहा म्हणतो, उभं राहू देत नाही.

डबा पत्र्याचा हवा. माळ्यावर माझी पहिली कंपासपेटी सापडली. झाकणावरचा हत्ती पुसट झालाय, आत पाढे छापलेले आहेत. ही पेटी घेताना बाबांनी दुकानदाराला विचारलं होतं की आतलं सामान काय काय मोजतं, आणि तो सांगेल ते सगळं ऐकून घेतलं होतं. वाटेत म्हणाले, एवढ्याशा डब्यातून सगळं मोजता येतं म्हणे. ती भोकं पाडून खराब करायला हात धजेना. बाबांनीच ड्रिल लावलं.

१७ जानेवारी

साध्या माइकवर करून पाहिलं. भूत अडलं, पण आवाज पातळ झाला, सर्दी झाल्यासारखा. कपॅसिटर लहान होते, खालचे स्वर त्यांनी दारातच अडवले. मोठे आणायला हवेत.

२० जानेवारी

मोठे बसवले. माइकच्या बाजूला शून्य यायला हवं तिथे मीटर सहा व्होल्ट दाखवतोय. दिवसभर शोधलं. शेवटी दिसलं की एक कपॅसिटर उलटा लावला होता. त्याची अधिक खूण मिक्सरच्या बाजूला हवी, मी माइकच्या बाजूला केली होती. हे इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

रडू आलं. बाबा शेजारी बसून होते. त्यांनी विचारलं, काही जळलं का? मी म्हटलं, नाही, पण आजोबा असते तर. बाबा म्हणाले, नव्हते ना. मग उलटं ते सुलटं कर आणि जेवायला चल.

२२ जानेवारी

कपॅसिटर सुलटा केल्यावर शून्य आलं. पण डब्यातून गुणगुण यायला लागली. पत्रा तारेच्या आवरणातल्या धातूच्या जाळीला जोडल्यावर ती थांबली. जोडताना-काढताना बसणारा झटका गिळून टाकायला डायोडची एक जोडी पण बसवली.

आज एक भयंकर गोष्ट कळली. आजोबांची जुनी तार उघडून पाहिली. बाबांनी ती पूर्वीच्या अँप्लिफायरसाठी स्वतः बनवली होती आणि त्या काळाच्या पद्धतीप्रमाणे आतली एक तार जाळीला बांधून टाकली होती. जुन्या यंत्रावर त्याने काही बिघडत नसे. पण अशा तारेवर भूत लागलं तर ते सरळ माइकच्या पोटातून वाहणार, पट्टी वाचायची शक्यताच नाही. मी बाबांना सांगितलं, त्या दिवशी आजोबा या तारेला असते तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

बाबांनी तार माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, चूक बांधणाऱ्याची. बटण दाबणाऱ्याची नाही.

मी म्हटलं, पण चूक झालीच नाही ना. ते म्हणाले, तेच म्हणतोय.

२६ जानेवारी

चाचणीसाठी आजोबा मागितले. बाबांनी ते घड्याळवाल्या काकांकडे धूळ काढायला दिले आहेत. काकांचा हात हलका आहे, भिंगातून बघून काम करतात. पण मला न सांगता दिले याचं थोडं वाईट वाटलं.

शिवाय साध्या माइकच्या संचातला एक सापडत नाही. सगळी खोकी उपसली. मीच कुठल्या सभेत विसरले असणार. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, मी दिलाय एकाला, गरज होती त्याला. कोणाला, ते सांगितलं नाही. बाबा असं कोणाकोणाला देतात.

९ फेब्रुवारी

आजोबा आले. काकांनी जाळीसुद्धा चकचकीत केली आहे. बाबांच्या दोन बोटांना सोल्डरिंग करताना बसलेले चटके दिसले. मी विचारलं, तर म्हणाले काकांना मदत केली.

मी आजोबांना उचललं आणि नवल वाटलं. लहानपणी दोन्ही हातांनी धरूनही खांदे दुखायचे. बाबा म्हणायचे, धर, धर, हा आपला सगळ्यात वजनदार माणूस आहे. आज एका हाताने सहज उचलला. आपण मोठे झालो हे असं अचानक कळतं. एकदम पोरकं वाटलं.

१५ फेब्रुवारी

सभागृहात चाचणी. डब्यातून आजोबा जोडले. भुताचं बटण मी दाबावं असं बाबा म्हणाले. मला दाबवेना. मीटर तीनदा लावून पाहिला, तीनदा शून्य. मग बाबांनी माझं बोट धरून बटणावर ठेवलं, अक्षर गिरवून घ्यावं तसं.

धप्प झालं नाही. काहीच झालं नाही.

बाई समोर उभ्या राहिल्या आणि नेहमीचं पहिलं वाक्य बोलल्या, "मागच्या रांगेत ऐकू येतंय का?" लहानपणी माझं काम होतं ते. शेवटच्या रांगेत एकटीने बसायचं आणि बाईंनी विचारलं की हात वर करायचा. पाय जमिनीला टेकायचे नाहीत. आजही मी मागे होते आणि माझा हात आपोआप वर गेला.

पण बाई पुढचं वाक्य सोडून माइकजवळ सरकल्या. त्या माइककडे बघत राहिल्या. मग बाबांकडे. बाबा गुंडाळून ठेवलेली एक तार सोडवून परत गुंडाळत होते.

"काय हो," बाई म्हणाल्या, "आजोबा तरुण झाले?"

"स्वच्छ केलेत, बाई."

"असं." मग म्हणाल्या, "बरं केलंत. आम्हालाही द्या नेऊन त्या घड्याळवाल्याकडे."

मी पुढे जाऊन विचारलं की आवाज पूर्वीसारखाच आहे ना. मला वरचे स्वर थोडे उजळ वाटत होते, पण तो नव्या मिक्सरचा गुण असेल. बाईंनी माझ्या हातातली कंपासपेटी घेतली, हत्तीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "तुझा डबा उत्तम आहे. तू जा नोकरीवर."

जाता जाता लहानपणची गंमत करून पाहिली. आजोबांच्या मागे उभी राहून कुजबुजले. काहीच ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, भिंतीचा घुमारा नको म्हणून मागून आत फ्लॅनेल भरलंय. बाबांना सगळं आधी सुचतं.

२५ फेब्रुवारी

झाला कार्यक्रम.

मुलं गायली. भूत चालू होतं, सगळा वेळ, आणि मी डब्याशेजारी उभी होते. आई म्हणते मी मधे श्वाससुद्धा घेतला नाही. बाईंनी विचारलं, मागच्या रांगेत ऐकू येतंय का, आणि अख्ख्या शेवटच्या रांगेने हात वर केले. म्हातारी झालेली माणसं होती त्यात. म्हणजे हात वर करणारी मी एकटी नव्हते, दर पिढीत बाईंनी कोणीतरी बसवलेलं असणार.

शेवटी बाई माइक बंद व्हायच्या आधी आजोबांना उद्देशून म्हणाल्या, "चला, तुमचंही काम झालं. माझंही झालं." लोक हसले. बाबा हसले नाहीत. ते मिक्सरमागे खाली वाकून काहीतरी शोधत होते आणि वर आले तेव्हा डोळे लाल होते. धूळ फार आहे तिथे.

१ मार्च

उद्या निघायचं.

गेले तीन दिवस बाबांनी मला आणखी डबे करायला बसवलं. मिक्सरच्या प्रत्येक तारेला एक. मी म्हटलं, मुलांच्या माइकना वीज लागते, त्यांना डबा लावला तर ते मुके होतील. बाबा म्हणाले, त्यांचे सोडून बाकी सगळ्यांना कर, पाहुणे कुठली कुठली जुनी वाद्यं आणतात, कोणाचं काही जळायला नको आपल्याकडे. प्रत्येक डब्यावर त्यांनी हिरवी पट्टी लावली. भुताच्या बटणावरची लाल पट्टी काढून तिथेही हिरवी लावली. त्यांच्या यंत्रावर लाल जाऊन दुसरा रंग आलेला मी प्रथमच पाहिला.

दुपारी बॅगेची चेन तुटली म्हणून पक्कड शोधायला बाबांची हत्यारपेटी उघडली. तळाशी एक काडेपेटी होती. आत कापूस, आणि कापसावर रिबनची पट्टी. चुणीदार, चंदेरी, मधोमध तुटलेली.

आधी मनाला काय लागलं ते लिहिते. बाबांनी आजोबांसाठी जादाची पट्टी आणून ठेवली होती. म्हणजे माझ्या डब्यावर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. मग शांत डोक्याने विचार केला. बाबा प्रत्येक गोष्टीची जोडी ठेवतात. जादाचा फ्यूज, जादाची दोरी. यात अविश्वास नाही, स्वभाव आहे. आणि ती जादाची पट्टी काडेपेटीत ठेवतानाच तुटली असणार, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एवढा जपणारा माणूस, किती लागलं असेल त्यांना.

दारात आई कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. काय शोधतेस, तिने विचारलं. मी म्हटलं, पक्कड. ते अर्धंच खरं होतं, पण बाबांची चूक मी कशाला बोलून दाखवू. आई काडेपेटीकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, बघितलंस? मी म्हटलं, बघितलं, आणि मी बाबांना काही म्हणणार नाही. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला.

पट्टी होती तशी कापसावर ठेवली, काडेपेटी होती तिथे.

बाबा आत्ता बाहेर माझी बॅग दोरीने बांधताहेत. मिक्सरच्या खोक्याची तीच दोरी. गाठ अशी मारताहेत की तिकडे गेल्यावर मला कापावी लागू नये.

आपल्याबद्दल चांगलं लिहायची मला सवय नाही. तरी एक गोष्ट इथे लिहून ठेवते. इस्पितळातल्या पहिल्या दिवशी यंत्राला हात लावायला मन धजेना तर वाचायला उपयोगी पडेल. ते बटण घरात आलं त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या हातून काहीही जळलं नाही.